मोठ्या माणसांचा मेनिंजायटिस: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

गोव्यात डिचोलीतल्या दवाखान्यात, फोनवर आणि कधी कधी बाजारात भाजी घेतानाही मला विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. तेच तेच लिहिणं टाळण्यासाठी जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मात्र घरात आत्ता कोणी तापात बरळत असेल, तर हे वाचत बसू नका. १०८ लावा, बाकी सगळं नंतर.

१. मेंदूज्वर आणि मेनिंजायटिस एकच ना?

आपण बोलताना एकच समजतो आणि निम्मा घोळ तिथेच होतो. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती तीन पातळ आवरणं असतात. त्यांना सूज आली की तो मेनिंजायटिस. ही सूज बॅक्टेरियामुळे, विषाणूमुळे, क्षयाच्या जंतूमुळे किंवा बुरशीमुळेही येते. सरकारी पत्रकात ज्याला 'जपानी मेंदूज्वर' म्हणतात तो डासांतून पसरणाऱ्या विषाणूचा आजार आहे आणि त्यात मुख्यतः खुद्द मेंदूलाच सूज येते. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. बॅक्टेरियाच्या मेनिंजायटिसमध्ये मात्र सगळी मदार अँटिबायोटिकवर, तेही वेळेत मिळण्यावर. म्हणून इस्पितळात 'मेंदूज्वर आहे' असं सांगितलं तर विचारा, "कसला, डॉक्टर?" या पानावर यापुढे मेनिंजायटिस म्हटलं की बॅक्टेरियाचा समजा, वेगळं सांगितलं नसेल तर.

२. हा तर लहान मुलांचा आजार. माझ्या ५८ वर्षांच्या भावाला कसा झाला?

मुलांमध्ये तो आता पूर्वीपेक्षा कमी दिसतो, कारण त्यांना हिब आणि न्यूमोकोकस या दोन बॅक्टेरियांवरच्या लशी मिळतात. मोठ्यांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा जंतू न्यूमोकोकस. तो अनेकांच्या नाकाघशात एरवी निमूट बसलेला असतो. फुटलेला कान, जुना सायनस किंवा न्यूमोनिया यांतून तो रक्तात आणि तिथून आवरणांपर्यंत पोचतो. मधुमेह, रोजचं दारूपान, काढलेली प्लीहा, एचआयव्ही, कॅन्सरची औषधं, कवटीला गेलेला तडा (प्रश्न १६) ही त्याची नेहमीची दारं. तुमच्या भावाचा कान वाहत होता का, हे मी आधी विचारेन.

दुसरा जंतू मेनिंगोकोकस. तो हॉस्टेल, बराकी, यात्रा अशा दाटीत पसरतो आणि तरण्याताठ्यांनाही गाठतो. तिसरा लिस्टेरिया. पन्नाशीपुढची माणसं, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती दबलेले लोक हे त्याचं गिऱ्हाईक. तो न उकळलेल्या दुधातून, कच्च्या दुधाच्या चीजमधून, फ्रिजमध्ये बरेच दिवस ठेवलेल्या तयार मांसातून येतो. फ्रिजच्या थंडीतही तो वाढतो, ही त्याची खोड.

३. नेमकं काय दिसलं की धावायचं?

ताप, जोराची डोकेदुखी, आखडलेली मान आणि भान हरपणं ही चार लक्षणं. पण चारही एकत्र येण्याची वाट पाहू नका. नेदरलँड्समध्ये मोठ्या माणसांच्या ६९६ प्रसंगांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ताप, आखडलेली मान आणि बदललेलं भान हे त्रिकूट पूर्ण दिसलं फक्त ४४ टक्के रुग्णांत. चारांपैकी निदान दोन लक्षणं मात्र ९५ टक्के रुग्णांत होती. मी घरच्यांना एवढंच सांगतो: तापासोबत या चारांतलं आणखी एक दिसलं तर त्याच तासाला निघा.

मान कशी पाहायची? माणसाला उताणं झोपवा आणि हनुवटी छातीला टेकवायला सांगा. साध्या तापात मान दुखते, पण वाकते. इथे ती लाकडासारखी होते. डोकं उचलू गेलात तर खांदेही सोबत उठतात. मान वाकली म्हणून निश्चिंत मात्र होऊ नका. म्हाताऱ्यांत तर कधी ताप नावालाच असतो आणि आजी अचानक नातवाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारू लागते, एवढंच दिसतं. 'वय झालं' म्हणून हे सोडून देऊ नका.

अंगावर लालजांभळे ठिपके आले तर काचेचा पेला त्यावर दाबून पाहा. दाबल्यावरही ठिपका तसाच राहिला तर ते मेनिंगोकोकसचं लक्षण असू शकतं. सावळ्या कातडीवर ठिपके पटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, डोळ्याच्या पापणीची आतली बाजू बघा.

४. आधी जवळच्या आरोग्य केंद्रात जायचं की थेट बांबोळीला?

डिचोली, साखळी, फोंड्याहून रुग्णवाहिका लगेच मिळाली तर थेट गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, जाणं ठीक. म्हापशाचं आझिलो किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ जवळ असेल तर तिथे जा. सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या आतल्या गावातून निघताना मात्र वाटेतलं केंद्र चुकवू नका. तिथले डॉक्टर शिरेतून रक्ताचा नमुना घेऊन सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊ शकतात आणि कागदावर वेळ टाकून पुढे पाठवू शकतात. वाटेत गेलेला वेळ मग तितकासा वाया जात नाही. इस्पितळात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा जाणकारांचा आग्रह आहे.

सोबत काय न्यायचं? चालू गोळ्यांची पाकिटं, जुनी डिस्चार्जची कागदपत्रं आणि लक्षणं पहिल्यांदा कधी दिसली ते सांगू शकणारा माणूस. मुंबईचा मामा फोनवरून सगळं सांगतो, पण रात्री तिथे कोण झोपलं होतं ते त्याला ठाऊक नसतं.

५. चवथीच्या जागरणानंतर डोकं दुखतंय, थोडी घेतलीही होती. हँगओव्हर असेल ना?

असेलही. हँगओव्हरला ताप नसतो आणि तो दिवस मावळेपर्यंत उतरतो. मायग्रेनवाल्याला आपली नेहमीची डोकेदुखी ओळखू येते. "अशी कधीच दुखली नव्हती" असं तो म्हणाला तर ऐका. रोज घेणाऱ्या माणसाचं बरळणं दारूवर ढकलणं ही मी वारंवार पाहिलेली चूक आहे, आणि नेमका त्यालाच न्यूमोकोकसचा धोका जास्त.

६. फार्मसीतून अँटिबायोटिक घेऊन दोन दिवस बघितलं तर?

नको. गोळीतून जाणारं औषध आवरणांच्या आतल्या पाण्यात पुरेशा प्रमाणात पोचत नाही. जंतू मरत नाहीत, नुसते दबतात. ताप जरा उतरतो, घरच्यांना हायसं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी फिट येते. शिवाय अशा अर्धवट औषधाने पुढच्या तपासणीत जंतू सापडेनासा होतो (प्रश्न १२). आधीच घेतलं असेल तर लपवू नका. रिकामं पाकीट डॉक्टरांना दाखवा, कोणी रागावणार नाही. रागावले तरी दाखवा.

७. पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा होतो म्हणतात. सही करू का?

करा. मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं थोडं पाणी कमरेतून सुईने काढून तपासतात, त्याच्या संमतीची ही सही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त वेळही याच्यातच जातो.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. तिथे रज्जू नाही, पाण्यात तरंगणारे नसांचे धागे आहेत आणि ते सुईपासून बाजूला सरकतात. तुमच्या घरात कुणाचं सिझेरियन कमरेत इंजेक्शन देऊन झालं असेल, तर सुई गेली ती याच भागात. तेव्हा कोणी लुळं झालं नाही.

रुग्णाला कुशीवर घेऊन गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घ्यायला लावतात. कोळंबी शिजल्यावर वळते ना, तसं. जागा बधिर करतात. मग सुईतून थेंब थेंब पाणी तीन-चार बाटल्यांत उतरतं. निरोगी माणसाचं पाणी नितळ असतं. या आजारात ते गढूळ, कधी पेजेवरच्या निवळीसारखं दिसतं. तसं दिसलं की डॉक्टर प्रयोगशाळेच्या कागदाची वाट पाहत नाहीत. पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, प्रथिनं वाढलेली आणि साखर रक्तातल्या साखरेच्या ४० टक्क्यांहून कमी, असा हिशेब जमला तर निदान जवळजवळ पक्कं. त्याच वेळी बोटाला टोचून रक्तातली साखर पाहतात ती यासाठी, मधुमेह आहे म्हणून नव्हे. रंग चढवलेल्या काचपट्टीवर कधी तासाभरात जंतूही दिसतो.

नंतर काहींचं डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त, आडवं झालं की कमी. बहुतेकांचं ते काही दिवसांत थांबतं. मग लुळेपणाची गोष्ट आली कुठून? आजारानेच हात-पाय गेलेले असतात, पण लोकांच्या लक्षात राहते ती सुई. जंतू कोणता ते कळल्याशिवाय औषध नेमकं करता येत नाही, म्हणून ही सही महत्त्वाची.

८. मग आमच्या बाबांचं पाणी काढायच्या आधी सीटी स्कॅन का केला? उशीर नाही झाला?

डोक्यात गाठ, गळू किंवा मोठी सूज असेल तर कमरेतून पाणी काढल्यावर मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो. नव्याने फिट आली, भान फार हरपलं, एक हात-पाय लुळा पडला, डोळ्याच्या पडद्यामागे सूज दिसली किंवा प्रतिकारशक्ती दबलेली असली तर आधी स्कॅन करतात. सरसकट सगळ्यांना नाही. स्कॅनसाठी अँटिबायोटिक थांबवायचं नसतं. क्रम असा: रक्ताचा नमुना, पहिला डोस, स्कॅन, मग पाणी. डोस देऊन स्कॅनला पाठवलं असेल तर उशीर झालेला नाही.

९. कोणती औषधं देतात? इतकी इंजेक्शनं आणि इतके दिवस?

जंतू कळेपर्यंत साधारण सेफ्ट्रायॅक्सोन २ ग्रॅम दर १२ तासांनी आणि त्यासोबत व्हँकोमायसिन वजनाप्रमाणे. न्यूमोकोकसच्या काही जाती सेफ्ट्रायॅक्सोनला दाद देत नाहीत, म्हणून ही जोडगोळी. वय पन्नाशीपुढे असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर या दोन्हींसोबत अँपिसिलिनही, २ ग्रॅम दर ४ तासांनी. कारण लिस्टेरियावर सेफ्ट्रायॅक्सोन चालतच नाही. रात्री दोनला येऊन सलाईनला औषध लावणाऱ्या सिस्टरवर नातेवाईक चिडतात, पण चार तासांचा डोस सहावर ढकलणं इथे परवडत नाही. व्हँकोमायसिन घाईने सोडलं तर मान-छाती लाल होऊन खाज सुटते. तेव्हा ते हळू सोडायचं असतं. सलाईनचं चाक स्वतः फिरवू नका.

दिवस जंतूवर ठरतात. मेनिंगोकोकसला ७, न्यूमोकोकसला १० ते १४, लिस्टेरियाला २१ किंवा अधिक. "ताप गेला, माणूस जेवतोय, आता गोळीवर घरी सोडा" ही मागणी मला कळते, पण मानायची नसते. सूज उतरते तसं रक्तातून आवरणांच्या आत जाणारं औषधही कमी होत जातं. म्हणून बरं वाटू लागल्यावरही डोस तेवढाच ठेवतात. जंतू कळल्यावर तीनांतली एक-दोन औषधं बंद होतात. त्याला 'औषध काढून घेतलं' समजू नका.

१०. स्टिरॉईड कशाला? त्याने तर साखर वाढते.

वाढते. ती इन्सुलिनने सांभाळता येते. जंतू फुटून मरताना आवरणांत सूज उसळते आणि नुकसान बरंचसं या सुजेचंच असतं. २००२ साली युरोपातल्या ३०१ प्रौढांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. डेक्सामेथासोन हे स्टिरॉईड १० मिलिग्रॅम दर ६ तासांनी, चार दिवस. ते घेतलेल्यांत मृत्यू ७ टक्के, न घेतलेल्यांत १५ टक्के. ते अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या थोडं आधी किंवा सोबत द्यायचं असतं. मलावीतल्या चाचणीत मात्र असा फायदा दिसला नाही, तेव्हा ही जादूची कांडी नव्हे. जंतू लिस्टेरिया निघाला तर स्टिरॉईड सहसा थांबवतात.

११. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. मग?

प्रवेशाच्या वेळीच सांगा, आणि नेमकं काय झालं होतं तेही सांगा. पोट बिघडणं ही ॲलर्जी नव्हे. अंगावर पित्त उठून श्वास कोंडला असेल तर ती खरी. तेव्हाही वेगळी औषधं आहेत, उदाहरणार्थ लिस्टेरियासाठी कोट्रायमॉक्साझोल. उपचार अडत नाहीत.

१२. रिपोर्टमध्ये 'जंतू वाढला नाही' लिहिलंय. तरी दहा दिवस इंजेक्शनं?

हो, पाण्यातल्या पेशी आणि साखर बॅक्टेरियाकडेच बोट दाखवत असतील तर. पहिल्या डोसनंतर काही तासांतच पाण्यातले जंतू मरू लागतात आणि मग ते प्रयोगशाळेत वाढत नाहीत. पेशींचा गोंधळ मात्र काही दिवस राहतो. सोय असेल तिथे पीसीआरने मेलेल्या जंतूचाही माग लागतो.

उलट ताप दोन-तीन आठवडे रेंगाळलेला असेल, वजन घटलं असेल आणि पाण्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जास्त निघाले तर क्षयाच्या मेनिंजायटिसचा विचार होतो. त्याची औषधं वेगळी आणि ती महिनोन् महिने, साधारण वर्षभर चालतात. आपल्याकडे हा दुर्मीळ नाही. म्हणून डॉक्टरांनी दिशा बदलली तर 'आधी चुकलं' असं लगेच म्हणू नका.

१३. आम्ही रात्रंदिवस त्याच्याजवळ होतो. आम्हालाही गोळ्या लागतील का?

जंतू मेनिंगोकोकस असेल किंवा तसा दाट संशय असेल तरच. एका घरात राहणारे, एका खोलीत झोपणारे, तोंडाच्या लाळेशी थेट संबंध आलेले एवढ्यांनाच. सगळ्या वाड्याला नाही, आणि दारातून विचारपूस करून गेलेल्यांनाही नाही. मोठ्यांसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी, किंवा रिफाम्पिसिन ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दोन दिवस, किंवा सेफ्ट्रायॅक्सोन २५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन. गरोदर बाईला इंजेक्शन बरं. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. गर्भनिरोधक गोळीचा परिणाम मात्र त्याने कमी होतो, हे कोणी सांगायचं विसरतं. न्यूमोकोकस असेल तर घरच्यांना काहीच घ्यायचं नसतं.

१४. आम्ही डुकरं पाळतो. त्यातून होतो असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. डुकरांत राहणाऱ्या 'स्ट्रेप्टोकोकस सुइस' नावाच्या जंतूमुळे माणसाला मेनिंजायटिस होतो. माणसातले पहिले रुग्ण १९६८ साली डेन्मार्कमध्ये नोंदले गेले. व्हिएतनाममध्ये तर मोठ्यांच्या मेनिंजायटिसचं ते एक मुख्य कारण आहे. या जंतूची ओळख म्हणजे बहिरेपणा. ताप उतरतो आणि माणूस म्हणतो, "मोठ्याने बोला."

तो येतो कच्च्या मांसातून, कच्च्या रक्तातून आणि हाताच्या जखमेतून. सोरपोतेल किंवा चोरीस हे डुकराच्या मांसाचे पदार्थ नीट शिजवून खाल्ले तर येत नाही. कापणाऱ्याने हातमोजे घालावेत, बोटाला चीर असेल तर त्या दिवशी सुरी दुसऱ्याकडे द्यावी. आणि ताप आला तर डॉक्टरांना 'डुकरं कापतो' हे आपणहून सांगावं. कामाची लाज वाटून ते लपवलं जातं.

१५. सत्तरी तालुक्यात काजूच्या दिवसांत ताप येतो, मानही दुखते. तो माकडतापच ना?

असू शकतो. गोचिडीतून येणारा हा विषाणू, म्हणजे क्यासनूर जंगल ताप, २०१५ साली सत्तरीतल्या पाली गावात आढळला आणि काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याचा धोका असतो. काहींत ताप एकदा उतरून पुन्हा चढतो आणि तेव्हा मान आखडते, भान जातं. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसही असाच घोळ घालतो, मलेरियाही. पण हे घरी बसून ठरवण्याचं काम नाही. माकडताप म्हणून थांबलात आणि तो बॅक्टेरियाचा निघाला, तर गेलेला वेळ परत येत नाही. डॉक्टर सुरुवातीला दोन्ही शक्यता धरून चालतात. बागेत गेला होता, गोचीड काढली होती, हे मात्र सांगाच.

१६. एकदा झाला की पुन्हा होतो का?

सहसा नाही. दुसऱ्यांदा झाला तर कुठेतरी दार उघडं आहे, ते शोधावं लागतं.

माझ्याच दवाखान्यातली गोष्ट. पायलटचा, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेण्याचा, धंदा करणारा एक जण. मोटारसायकलवरून पडला होता, डोक्याला टाके पडले, बरा झाला. नंतर महिनाभराने 'सर्दी जात नाही' म्हणून आला. मी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. पुन्हा आला, पुन्हा गोळ्या. न्यूमोकोकसच्या मेनिंजायटिसने तो इस्पितळात गेला तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरने त्याला विचारलं, "पाणी एकाच नाकपुडीतून येतं का?" एकाच. "वाकल्यावर जास्त?" हो, बुटाची नाडी बांधताना टपटप. "घशात खारट लागतं?" लागतं. हे तीन प्रश्न मी विचारायला हवे होते. कवटीच्या तळाच्या तड्यातून मेंदूचं पाणी नाकात उतरत होतं आणि त्याच वाटेने जंतू वर गेला. नाकातलं पाणी तपासून ते मेंदूचंच आहे हे पक्कं करता येतं आणि दुर्बिणीतून भोक बुजवता येतं. त्याचं बुजवलं.

प्लीहा काढलेल्यांनाही पुन्हा पुन्हा धोका राहतो. त्यांच्यासाठी प्रश्न १८.

१७. घरी आल्यावर काका नीट ऐकत नाहीत, विसरतात. सुधारेल का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने या आजारात साधारण सहांतला एक दगावतो आणि वाचलेल्यांपैकी पाचांतल्या एकाला मोठं नुकसान राहतं. थकवा, चिडचिड, आठवणीतले खड्डे हे महिनोन् महिने चालतं आणि बऱ्याच अंशी सुधारतं. कानाचं तसं नाही. श्रवणाची तपासणी डिस्चार्जपूर्वी किंवा महिन्याभरात करून घ्या. ऐकू येणं फार गेलं असेल तर आतल्या कानात हाड वाढून जागा बुजू लागते आणि मग कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात घालायचं ऐकण्याचं यंत्र, बसवणं अवघड होतं. 'थोडे दिवस बघूया' हे इथे चालत नाही. फिट आली असेल तर डॉक्टरांनी मोकळं करेपर्यंत स्कूटर बंद.

१८. मोठ्यांनी लस घ्यायची का?

सगळ्यांनी नाही. प्लीहा नसलेले, मधुमेह किंवा फुप्फुस-यकृताचा जुना आजार असलेले, प्रतिकारशक्ती दबलेले, प्रश्न १६ मधल्यासारखी गळती असलेले, आणि साठी-पासष्टी ओलांडलेले यांनी न्यूमोकोकसच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावं. लशी दोन तऱ्हेच्या आहेत, कोणती आधी हे वय आणि आजारावर ठरतं. प्लीहा ठरवून काढायची असेल तर लस शक्यतो दोन आठवडे आधी. तातडीने काढावी लागली तर नंतर साधारण दोन आठवड्यांनी. अशा माणसाने मेनिंगोकोकसचीही घ्यावी. हजला जाणाऱ्यांना मेनिंगोकोकसची चार प्रकारांवरची लस सक्तीची आहे. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्या, दाखला पासपोर्टसोबत ठेवा.

१९. पावसात झऱ्यावर न्हाल्याने मेंदूत किडा जातो, तो हाच का?

नाही. तो अमीबा आहे, गोड्या कोमट पाण्यात राहणारा, नाकातून वर जाणारा आणि फार क्वचित आढळणारा. केरळात २०२४ साली त्याचे रुग्ण सापडले तेव्हापासून हा प्रश्न येऊ लागला. तो बॅक्टेरिया नाही, त्याची औषधंही वेगळी. पण ताप, डोकेदुखी, आखडलेली मान तीच. तेव्हा इस्पितळात सांगताना चार दिवसांपूर्वी कुठल्या तळ्यात उडी मारली होती, तेही सांगा.